डिझेलमधला राज्यांचा वाटा परत द्या

मा. केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांस,
सविनय नमस्कार.

माझा भाजीचा टेम्पो आहे. पहाटे मार्केट यार्डाला निघताना डिझेल भरतो, पावती डॅशबोर्डवर खोचतो. पावतीवर लिटर आणि रक्कम असते. कर कुणाकडे किती गेला, ते नसतं. तो हिशेब मी स्वतः मांडलाय.

१ फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात आपण डिझेलवर लिटरमागे ४ रुपयांचा कृषी उपकर, म्हणजे शेतीच्या नावाने ठराविक कामासाठीचा वेगळा कर, लावलात. पंपावरचा भाव त्यामुळे वाढला नाही, कारण दुसरीकडे कपात केलीत. पण कपात कशात? मुख्यतः मूळ उत्पादन शुल्कात! ते ४ रुपये ८३ पैशांवरून १ रुपया ८० पैशांवर आणलंत. राज्यांना ४१ टक्के वाटा मिळतो तो एवढ्यावरच. उपकर आणि अधिभार (वरून लावलेला जादा कर) राज्यांच्या वाटपात धरतच नाहीत. तेव्हा केंद्र लिटरमागे ३१ रुपये ८० पैसे घेत होतं. त्यातून सगळ्या राज्यांना मिळून ७४ पैसे. केंद्राच्या करातला राज्यांचा वाटा ठरवणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाने महाराष्ट्राला त्यातले ६.३१७ टक्के ठरवून दिले होते, म्हणजे पाच पैसेसुद्धा नाहीत.

मी रोज जातो तो जिल्हा मार्ग. पुलाजवळचा खड्डा चुकवताना टोमॅटोचे क्रेट एकमेकांवर घसरतात, खालचा माल चेपतो. तो खड्डा बुजवायला दिल्लीहून कुणी येत नाही, ते काम इथल्यांचंच.

राज्य सरकारही धुतल्या तांदळासारखं नाही. इंधनावर राज्य घेतं तो व्हॅटही आम्हीच भरतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने डिझेलवरचा कर १० रुपयांनी उतरवला, ते बरं केलंत. पण पुढे २७ एप्रिल २०२२ ला पंतप्रधानांनी मुख्यमंत्र्यांच्या बैठकीत व्हॅट कमी न करणाऱ्या राज्यांत महाराष्ट्राचंही नाव घेतलं. तेव्हा इथे केंद्राच्या विरोधकांचं सरकार होतं. जूनअखेर ते गेलं आणि जुलैत नव्या सरकारने डिझेलवर ३ रुपये कमी केले. मधले आठ महिने माझ्या टाकीत जास्तीचे पैसे गेले ते कुठल्या पक्षाच्या भांडणापायी?

मागणी साधी आहे. इंधनावरचे उपकर आणि अधिभार मूळ शुल्कात घाला, म्हणजे राज्यांचा वाटा आपोआप निघेल. ते लगेच जमणार नसेल, तर एकूण करात उपकर किती असावेत याची मर्यादा कायद्याने बांधा. आणि पंपाच्या पावतीवर केंद्राचा कर, राज्याचा कर वेगवेगळा छापायला लावा.

आपला,
एक टेम्पोचालक