खात्याचा देश बदलण्याआधी

मिरज

चि. सोहम,
अनेक आशीर्वाद.

टोरांटोतल्या बँकेचं ॲप भारतीय खात्यावर उतरत नाही, म्हणून ॲपलच्या खात्याचा देश बदलून कॅनडा करणार असल्याचं तू कळवलंस. खाली एक ओळ टाकलीस, "आई, तुझी गाणी तेवढी माझ्या खात्यावर वळवून दे." अरे, घाई करू नकोस. देश अजून बदलू नकोस. हे पत्र पूर्ण वाच, यात सांगितलेलं उरकून घे आणि मग खुशाल बदल.

गाणी वळवता येत नाहीत. ज्या खात्यावरून विकत घेतली त्याच खात्याला ती कायमची बांधलेली असतात. भारतात आयट्यून्सचं, म्हणजे ॲपलचं गाणी विकायचं, दुकान उघडलं ते 2012 च्या डिसेंबरात. तेव्हा तू आणि ताई शाळेत होतात आणि घरात खातं एकच होतं, माझं. बाबांची नाट्यगीतं, माझं ख्यालगायन, ताईची सिनेमातली गाणी, सगळं त्याच खात्यावर घेतलं. पुढे 2014 च्या सप्टेंबरात आयओएस 8 बरोबर फॅमिली शेअरिंग आलं. मग मी तुम्हा दोघांना स्वतंत्र खाती काढून दिली आणि आपण सगळे एका गटात आलो. गटात सहा माणसं बसतात, आपण चारच आहोत. त्या दिवसापासून माझी खरेदी तुझ्या फोनवर दिसायला लागली, उतरवता यायला लागली आणि साहजिकच तुला ती आपलीच वाटत आली. पण हिशेबात ती माझ्याच नावावर राहिली. गट आहे तोवर तुला ती वापरता येते, एवढाच त्याचा अर्थ.

तू म्हणशील, दोन खात्यांमधली खरेदी एकत्र करायची सोय आलीय असं ऐकलं होतं. आलीय, 2025 च्या फेब्रुवारीत. पण ती एकाच माणसाच्या दोन खात्यांसाठी आहे, आईचं मुलाला देण्यासाठी नाही. शिवाय ती आली तीच युरोपियन युनियन, ब्रिटन आणि भारत वगळून. तेव्हा तो रस्ता सोडून दे.

आणि देशाचं असं आहे की गटातली खरेदी एकमेकांना वापरायची तर सगळ्यांची खाती एकाच देशाची असावी लागतात. तू कॅनडाचा झालास की माझी खरेदी तुला दिसणार नाही. तुझ्या स्वतःच्या खरेदीचीही तीच गत होऊ शकते. बक्षिसाच्या पैशांतून तू घेतलेले गिटारचे अल्बम कॅनडाच्या दुकानात नसले, तर पुन्हा उतरवता येणार नाहीत. म्हणून देश बदलण्याआधी सगळं उतरवून घ्यायला ॲपल स्वतःच सांगतं. खात्यात शिल्लक पैसे असतील तर ते आधी संपवावे लागतात आणि चालू वर्गण्या बंद कराव्या लागतात, तेही लक्षात ठेव.

तर पहिलं काम. फोनवर आयट्यून्स स्टोअर उघड, खाली 'मोअर', त्यात 'पर्चेस्ड'. तिथे तुझं आणि घरच्यांचं नाव दिसेल. आधी तुझं सगळं उतरव, मग माझं. फोनपेक्षा लॅपटॉपवर उतरवलंस तर बरं, कारण मग फाइल हातात येते, तिचा फोल्डर दिसतो, तिची प्रत कुठे ठेवायची ते तुला ठरवता येतं. ॲपलच्या दुकानातली 256 केबीपीएस दर्जाची फाइल मिनिटाला साधारण दोन एमबी घेते, म्हणजे तासाभराचा एक राग जवळजवळ 115 एमबी. आपल्याकडे लांबलचक बैठकीच बैठकी आहेत. एका रात्रीत उतरतील ही अपेक्षा ठेवू नकोस.

एवढं केलंस की गाणी तुझ्याकडे आली. पण मला तुला द्यायचं आहे ते यात येत नाही, आणि खरं तर त्यासाठीच हे लांब पत्र लिहायला बसले आहे.

दुकानातून उतरवलेली फाइल दुकानातल्यासारखीच येते. गायकाचं नाव, अल्बमचं नाव, रागाचं कसंबसं स्पेलिंग, संपलं. तबल्यावर कोण, हार्मोनियम कोणाचं, ताल कुठला, काही नाही. शास्त्रीय संगीत विकणाऱ्या कंपन्यांनी साथीदारांवर इतकी वर्षं हा अन्याय केला आहे आणि मला तो कधीच पटलेला नाही. म्हणून प्रत्येक रेकॉर्डिंग ऐकताना मी त्याची माहिती भरत गेले. आयट्यून्समध्ये गाण्यावर राइट क्लिक करून 'गेट इन्फो' उघडलं की 'कमेंट्स' असा खाना असतो, त्यात. शेरा लांबला तर 'लिरिक्स'च्या खान्यात, कारण कमेंट्समध्ये फारसं मावत नाही. बंदिशीचे शब्दही तिथेच उतरवून ठेवले आहेत, ऐकून ऐकून, मिरजेतल्या आमच्या गाण्याच्या बाईंना विचारून.

एक नमुना देते. बागेश्रीची एक बैठक आहे, तुझ्या बाबांना रात्री जेवणानंतर लागायची ती. तिच्यावर मी लिहिलंय: 'विलंबित एकताल, मग द्रुत तीनताल. मध्यमावर थांबण्याची जागा ऐकणे. पंचम अगदी एवढासा, येऊन गेलेला कळत नाही. कोमल निषादावरून धैवतावर येताना कुठेही घाई नाही. तबलजींचं नाव कव्हरवर नाही, पण डग्ग्याचा घुमारा फार सुंदर.' दुसऱ्या एका अल्बमवर कंपनीने मुलतानी छापलंय. ऋषभ आणि धैवत दोन्ही शुद्ध लागतात, मग मुलतानी कसा असेल? ती मधुवंती आहे. मी नाव दुरुस्त केलं आणि का केलं तेही खाली लिहिलं. तू दुकानातून तो अल्बम उतरवशील तेव्हा तो मुलतानी म्हणूनच येईल. ताई गटात आहे, भारतातच, पुण्यात आहे, तिला सगळं दिसतं, पण तिच्या फोनवरही तो अजून मुलतानीच आहे.

हे शेरे फाइलच्या आत लिहिले जातात. फाइलची प्रत केली की तेही सोबत जातात, पण खात्यावरून पुन्हा उतरवली की जात नाहीत, कारण दुकानाला त्यांचा पत्ताच नसतो. याउलट प्लेलिस्ट, तारे आणि कुठलं गाणं किती वेळा ऐकलं ही माहिती फाइलमध्ये नसून लायब्ररीच्या नोंदीत असते. ती फाइलसोबत जात नाही. म्हणून 'पहाटेचे', 'दुपारचे', 'रात्रीचे' अशा माझ्या प्लेलिस्ट मी वेगळ्या काढून ठेवल्या आहेत. तुझ्या लायब्ररीत त्या उघडल्या नाहीत तरी निदान यादी वाचता येईल.

तेव्हा दुसरं काम माझं. डिसेंबरात तू येशील तेव्हा काळी एक्स्टर्नल डिस्क तुझ्या हातात देणार आहे. लायब्ररीचा मूळ फोल्डर पहिल्यापासून तिच्यावरच आहे. इकडेतिकडे विखुरलेल्या फाइल्स 'कन्सॉलिडेट फाइल्स' करून एका जागी आणल्या आहेत आणि एक प्रत माझ्या लॅपटॉपवर ठेवली आहे.

या डिस्कवर अशीही काही रेकॉर्डिंग्ज आहेत जी आता कुठल्याही खात्यावरून मिळणार नाहीत. कंपनीने एखादा अल्बम दुकानातून काढून घेतला की ज्यांनी पैसे मोजले त्यांनाही तो पुन्हा उतरवता येईलच असं नाही. आपल्याकडचे काही अल्बम असे गेले आहेत, त्यांच्या शेऱ्यात मी 'आता विक्रीला नाही' असं लिहून ठेवलंय. एक फोल्डर फ्लाइटचा आहे. तुला आठवणार नाही. फ्लिपकार्टने 2012 मध्ये या नावाने गाणी विकायचं दुकान काढलं होतं आणि 2013 मध्ये ते बंदही केलं. पण तिथे साधी एमपीथ्री मिळायची, कुलूप नसलेली, म्हणजे कुठल्याही यंत्रावर वाजणारी. दुकान जाऊन इतकी वर्षं झाली तरी त्यातलं प्रत्येक गाणं आजही वाजतं. स्ट्रीमिंगवर सगळं मिळतं असं ताई मला सांगत असते. मिळतं, मीही ऐकते. पण वर्गणी थांबली की तिथून उतरवलेलं ऐकता येत नाही. आणि माझा मधुवंती तिथेही मुलतानीच आहे.

मामांचा फोल्डर वेगळा ठेवलाय, त्याच्याबद्दल सांगते. अमेरिकेत आयट्यून्सचं दुकान 2003 च्या एप्रिलमध्ये सुरू झालं, तेव्हापासून मामा न्यू जर्सीत गाणी घेत होते. त्या काळच्या फाइलींना कुलूप असायचं. 2009 मध्ये ॲपलने ते काढलं, पण आधी विकलेल्या फाइलींवरचं आपोआप निघालं नाही. फाइलच्या नावाशेवटी एम-फोर-पी असेल, किंवा 'काइंड'च्या रकान्यात 'प्रोटेक्टेड' असं दिसेल, तर समज ती कुलूपवाली. ती फक्त मामांच्या खात्याने ऑथराइज केलेल्या संगणकावर वाजते आणि असे संगणक एका वेळी पाचच असू शकतात. आपली गाणी ॲपलच्या संग्रहाशी जुळवून देणारी आयट्यून्स मॅच नावाची वर्गणी आहे, ती मामांनी एक वर्ष घेतली तर जुळलेली गाणी बिनकुलपाची परत उतरवता येतील. मी त्यांना फोनवर सांगितलंय. तू टोरांटोहून एखादा शनिवार-रविवार काढून त्यांच्याकडे जा आणि समोर बसून करून दे. त्यांची नजर आता बारीक अक्षरांना साथ देत नाही, आणि तू येणार म्हटल्यावर मामीलाही बरं वाटेल. आपण इथे 2012 नंतर घेतलेल्या गाण्यांना कुलूप नाही, त्यांची काळजी करू नकोस.

एक गोष्ट मात्र तुझ्याकडून पक्की हवी. या फाइल्स घरच्यांच्या ऐकण्यासाठी आहेत. 'गेट इन्फो'च्या 'फाइल' पानावर कोणी विकत घेतलं ते लिहिलेलं असतं, माझ्या खात्यावर घेतलेल्या प्रत्येक फाइलवर माझं नाव आणि ईमेल आहे. कुलूप नसलं म्हणून मित्रांच्या ग्रुपवर टाकायचं, ड्राइव्हवर चढवून लिंक वाटायची, असं काही करू नकोस. कंपनीच्या अटी वैयक्तिक वापराच्याच आहेत, आणि अटी बाजूला ठेवल्या तरी मी ही गाणी पैसे देऊन घेतली ती कलाकाराचं गाणं फुकट घेऊ नये म्हणून. तुझ्या मित्राला बागेश्री आवडली तर त्याला घरी बोलाव, जेवायला घाल, सोबत बसून ऐका. आणि त्याला तीच हवी असेल तर त्यानेही विकत घ्यावी. मला तुला काही भेट द्यावंसं वाटलं तर ॲपलच्या दुकानातून ते जमणार नाही, तिथे भेट एकाच देशाच्या खात्यांत देता येते. बँडकॅम्प या गाणी विकणाऱ्या संकेतस्थळावर देशाची अशी अडचण नाही, आणि तिथे खरेदीनंतर चांगल्या दर्जाची फाइल सरळ हातात मिळते. इथून पुढे नवं काही घ्यायचं तर जिथे फाइल मिळते तिथूनच घे.

आता अवघड वाटेल पण सांगून ठेवते. माझ्या खात्याला लेगसी कॉन्टॅक्ट म्हणून मी ताईला नेमलंय. मी गेल्यावर फोटो, टिपणं, ईमेल तिला उघडता येतील. विकत घेतलेली गाणी मात्र त्यात येत नाहीत, तसा नियमच आहे. आजीच्या ग्रामोफोनच्या तबकड्या माझ्याकडे आल्या तेव्हा कोणाला विचारावं लागलं नव्हतं, पेटी उचलून आणली आणि झालं. खात्यावरच्या गाण्यांचं तसं होणार नाही, म्हणून मी मागे ठेवण्याऐवजी हातीपायी धड असतानाच देते आहे. यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. उलट तू सोबत असताना दिलं तर एखाद्या शेऱ्यावर तुझ्याशी भांडताही येईल. तुझा कान चांगला आहे, मला माहीत आहे. तुला वाटलं की मी कुठे ताल चुकीचा लिहिलाय, तर माझं खोडू नकोस, त्याच्याखाली तारीख घालून तुझं लिही.

डिस्क विंडोजवर, विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीने तयार केलेली आहे. तुझा मॅक ती वाचेल, पण तिच्यावर लिहू देणार नाही. म्हणून आधी पूर्ण फोल्डर मॅकवर उतरव आणि आणखी एका डिस्कवर प्रत कर. मॅकने डिस्क 'इनिशियलाइज' करू का असं विचारलं तर नाही म्हण, हो म्हटलंस तर सगळं पुसलं जाईल. म्युझिक ॲपमध्ये घेण्याआधी 'सिंक लायब्ररी' (लायब्ररी ॲपलच्या सर्व्हरशी जुळवायची सोय) बंद ठेव, नाहीतर ते माझ्या नावांच्या जागी स्वतःची नावं आणण्याची शक्यता असते. आणि डिस्क येताना तू हातातल्या बॅगेतच घे, चेक-इनमध्ये टाकू नकोस.

तुझ्या मॅकवर किती जागा मोकळी आहे ते आज-उद्या कळव. कमी असेल तर मी इथून एक मोठी डिस्क आणून ठेवते, म्हणजे तुला तिकडे डॉलरमध्ये घ्यायला नको. बाबांना तुझा फोन रविवारी सकाळी हवा असतो, आपल्या सकाळी, तुझ्या नव्हे. थंडी पडायला लागली असेल, कानटोपी घालत जा.

तुझी,
आई