खोदण्याआधी खेळण्यातली मोटार

महोदय,

रामबागेसारख्या इंदूरच्या जुन्या वस्त्यांत इंटरनेटच्या केबलसाठी नवा रस्ता खोदला जातो, तेव्हा जमिनीखाली आधीच रिकामी नळी आहे का, हे पाहण्याची तसदी क्वचितच घेतली जाते. ब्रिटनमध्ये अशा नळ्यांतून रिमोटवर चालणारी छंदाची छोटी मोटार सोडून केबल टाकल्याची उदाहरणे आहेत. मोटार जड केबल ओढत नाही. ती फक्त नायलॉनची बारीक दोरी पलीकडच्या चेंबरपर्यंत नेते, मग त्या दोरीने जाड दोर आणि जाड दोराने ऑप्टिकल फायबर ओढून घेतात. नळीत गाळ वा पाणी असेल, तर मात्र हा उपाय निरुपयोगी ठरतो, आणि मातीखाली रेडिओ लहरी क्षीण होत असल्याने अडकलेली मोटार मागे ओढण्यासाठी तिला दोरी बांधलेली असणे आवश्यकच आहे (पावसाळ्यानंतर आपल्याकडच्या नळ्यांची अवस्था काय असेल, हे सांगायला नको).

खोदकामाची पूर्वसूचना देण्यासाठी केंद्र सरकारने 2023 मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे अ‍ॅप सुरू केले आहे. महापालिकेने परवानगी देताना त्याच्या जोडीला, अस्तित्वात असलेल्या नळ्या तपासल्याचा लेखी अहवालही मागावा, ही विनंती.

— एक वाचक, इंदूर