'हे बघा आजी, तुमची चक्कर इथं आहे'

डॉक्टर मॅडम,

स. न. वि. वि.

श्रावणातल्या त्या रात्री साडेअकराला आईला उचलूनच आम्ही तालुक्याच्या दवाखान्यात आणलं. कॅज्युअल्टीत तुम्ही एकट्या होतात. टेबलावर डबा होता, न उघडलेला. आता चार महिने झाले, आई बरी आहे, तरी हे लिहिताना डोळे भरून येतात.

त्याआधीचे तीन आठवडे तिची चक्कर कुणी खरीच मानली नव्हती. एका ठिकाणी मणक्याचा त्रास म्हणून गळ्याला पट्टा बांधला. दुसरीकडे अशक्तपणा म्हणून सलाईन लावलं. तिसरीकडे, चांगल्या मोठ्या ठिकाणी, ईसीजी काढला. पण पट्टीकडे कुणी बघितलंच नाही! मशीनने वर छापलेली 'सायनस ब्रॅडीकार्डिया' एवढी ओळ वाचली आणि 'वयाने ठोके मंद होतात, टेन्शन घेऊ नका' म्हणत घरी पाठवलं. त्या माणसांचा राग अजून जात नाही. शेवटी आईच म्हणायला लागली, "मलाच उगाच भास होत असेल रे."

तुम्ही ईसीजी काढलात, वरची छापील ओळ वाचलीच नाहीत. केसपेपरची कड पट्टीला लावलीत आणि 'पी' म्हणतात त्या लहान उंचवट्यांच्या जागी पेनाने रेघा मारल्यात. मग कागद पुढे सरकवलात, तरी रेघा जुळत गेल्या. ईसीजीच्या कागदावरच्या दर साडेतीन मोठ्या चौकटींना एक. टोकदार मोठे ठोके मात्र आठ-साडेआठ चौकटींनी. ३०० ला चौकटींनी भागलं की मिनिटाचे ठोके, हे तेव्हा तुमच्याकडूनच कळलं. 'पी' म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे, ते ८५ च्या आसपास; मोठे ठोके म्हणजे खालचे, ते जेमतेम ३६, आणि एकाचा दुसऱ्याला निरोपच पोचत नव्हता. कम्प्लीट हार्ट ब्लॉक. काही 'पी' मोठ्या ठोक्यांच्या पोटात लपले होते, तुमच्या रेघा तिथंही बरोबर पोचल्या.

इतर कुणी मला बाजूला घेऊन सांगितलं असतं. तुम्ही पट्टी आईच्या डोळ्यांसमोर धरलीत, खाटेशी वाकलात आणि म्हणालात, "हे बघा आजी, तुमची चक्कर इथं आहे. तुम्ही खरं सांगत होतात."

आई रडली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. छातीत कळ आली तरी न रडणारी बाई ती.

पुढचं सगळं धावपळीचं. १०८, फोंडा घाटातला पाऊस, कोल्हापूर, पेसमेकर. निघताना तुम्ही ईसीजीचा झेरॉक्स हातात दिलात, 'मूळ कागदावरचं छापील उडतं' म्हणून. खरंच उडालं. मूळ पट्टीवरच्या रेषा आता फिक्या झाल्यात. केसपेपरच्या कडेवरच्या तुमच्या निळ्या रेघा मात्र तशाच आहेत, कपाटात आईच्या पासबुकात ठेवल्यात.

पगार, खाटा, मशिनं यांवर सगळे बोलतात, बोलायलाच हवं. पण म्हाताऱ्या माणसाचं म्हणणं खरं धरून त्याच्यापाशी वाकायला कुठलं मशीन लागतं? आमच्या भागात अशी माणसं अजून आहेत, सरकारी दवाखान्यात रात्रपाळीला आहेत, हे मी भेटेल त्याला सांगतो.

आई आता परसात जाऊन अबोलीला पाणी घालते. तुमचा विषय निघाला की तिचं एकच विचारणं असतं, "त्या पोरीनं त्या रात्री डबा खाल्लान का रे?"

आपला ऋणी,
त्या आजींचा मुलगा