प्रश्न इच्छाशक्तीचा नाहीये

कमी कमाईवाल्या लोकांची सिगारेट सोडवण्याच्या संशोधनावरचा तुमचा लेख वाचला, बरंच पटलं पण ‘इच्छाशक्ती कमी पडते’ हे वाक्य अजिबात नाही पटलं. सोडायचा प्रयत्न हे लोकही साधारण इतरांइतकाच करतात, यश कमी मिळतं कारण पैशाचं टेन्शन, आजूबाजूला सगळे ओढणारे आणि तलफ कमी करायला निकोटिनचा पॅच (अंगाला चिकटवायची पट्टी) किंवा चघळायचा गम घ्यायचा तर तो खर्च वेगळाच. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्येच हे पॅच-गम अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलंय, मग फुकट द्या ना! सोबत समुपदेशन हवं, आणि सोडून टिकणाऱ्याला पैशाचं बक्षीससुद्धा, हो बक्षीस, लोक नाकं मुरडतात पण त्याने सोडणाऱ्यांचं प्रमाण वाढतं आणि बक्षीस थांबल्यावरही फरक टिकतो हे चाचण्यांमधे दिसलंय.

– एक वाचक