कोटेशनं शिळी कोणी केली? : जळगावच्या एका डाळमिलवाल्याचं मंत्रिमहोदयांना खुलं पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

मागच्या सोमवारी आमच्या कंपनीच्या पत्त्यावर एक पाकीट आलं. आत एक पानाचं पत्र. जळगावच्या बावीस लहान डाळमिलवाल्यांनी मिळून मागितलेल्या सामायिक सुविधा केंद्राचा, म्हणजे सगळ्यांनी मिळून वापरायच्या यंत्रांच्या केंद्राचा, प्रस्ताव त्रुटीपूर्ततेसाठी परत. त्रुटी काय, तर यंत्रांची कोटेशनं मुदतबाह्य झाली आहेत, सबब प्रकल्प अहवाल सुधारित दरांनी नव्याने सादर करावा. साहेब, कोटेशनं आम्ही दिली तेव्हा ताजी होती. तीन वर्षं तुमच्या टेबलांवर पडून ती शिळी झाली. प्रस्ताव दिला त्या वर्षी आमच्या मेळाव्यात व्यासपीठावरून शब्द मिळाला होता, की पुढच्या तुरीच्या हंगामाआधी मशीन चालू होईल. त्यानंतर तुरीचे तीन हंगाम गेले.

क्लस्टर, म्हणजे एकाच धंद्यातल्या लहान कारखान्यांचा समूह, हा शब्द सरकारी कागदावर यायच्या आधीपासून आम्ही क्लस्टरच आहोत. टरफल घासून काढणाऱ्या रोलवरचा खरखरीत थर, म्हणजे एमरी, झिजली की ती पुन्हा चढवून देणारा कारागीर चार गल्ल्या सोडून बसतो. बेअरिंग गेलं तर रात्री अकराला दुकान उघडून देणारा माणूस आहे. चुनी, म्हणजे डाळीचा चुरा, आणि टरफल न्यायला पशुखाद्याचे व्यापारी दारात येतात, कारण त्यांना एका फेरीत दहा मिलचा माल मिळतो. दलाल सकाळी तुरीचा नमुना घेऊन निघतो आणि दुपारपर्यंत वीस ठिकाणी भाव विचारून मोकळा होतो. हीच मिल मी एकट्यानं कुठल्या माळावर टाकली असती तर वर्षभरात कुलूप लागलं असतं. लहान माणूस मोठ्यापुढे टिकतो तो या शेजारावर.

पण शेजारानं सगळं भागत नाही. डाळीतला काळा, डागी दाणा कॅमेऱ्यानं हेरून हवेच्या झोतानं बाहेर उडवणारं सॉर्टेक्स कोणी उसनं देत नाही. मला आलेलं कोटेशन ४२ लाखांचं होतं. माझ्या मिलमध्ये दिवसाला ५०-६० क्विंटल डाळ निघते. ते मशीन माझ्याकडे दोन तास चालेल आणि बावीस तास नुसता हप्ता खाईल. म्हणून मी डाळ मोठ्या मिलवाल्याकडे जॉबवर, म्हणजे मजुरी देऊन निवडून घ्यायला, पाठवतो. मजुरी, हमाली, टेम्पोभाडं धरून क्विंटलमागे दीडशेच्या घरात जातात. आम्हा बावीस जणांचे मिळून वर्षाला तीन-साडेतीन कोटी तरी जात असतील. हिशेब तोंडी आहे, तुमच्या माणसांनी येऊन वह्या तपासाव्यात. आम्ही मागितलं काय? दोन सॉर्टेक्स, एक ड्रायर, एक छोटी प्रयोगशाळा. आमचा हिस्सा आम्ही भरणार होतो. केंद्र सरकारच्या २०२२ च्या नियमांत ५ ते १० कोटींच्या अशा केंद्राला ७० टक्के अनुदान आहे, म्हणजे आम्ही जगावेगळं काही मागत नव्हतो.

ड्रायर कशाला, असंही त्या पत्रात विचारलं आहे. या मे महिन्यात काय झालं ते सांगतो. ८० क्विंटल तूर तेल लावून ओट्यावर पसरली होती. चार उन्हं मिळाली की ती अशी वाळते की दाणा दाताखाली धरला तर टरफल वेगळं, डाळ वेगळी. तिसऱ्या दिवशी दुपारी चारला भुसावळच्या बाजूनं आभाळ भरून आलं. तूर पालथी करणारी मावशी ओरडली, "भाऊ, पानी उनं!" ताडपत्र्या तीन, ओटा त्यांच्या दुप्पट. मी, बायको आणि चार हमाल गारा अंगावर घेत ढीग ओढत होतो. अर्धी तूर भिजली. तिची डाळ मातकट निघाली, क्विंटलमागे बाराशे रुपये तोडून विकावी लागली. ड्रायर त्या दिवशीही तुमच्या फायलीतच होता.

नुकसान सोसता येतं. दुसरं दुखणं मोठं आहे. हे बावीस जण एकमेकांचे गिऱ्हाईक पळवणारे. त्यांना एका कंपनीत आणायला मला दीड वर्ष लागलं. कोणाचा माल आधी मशीनवर चढणार, कोणाचा भाव कोणाला कळणार, यावर रात्री-रात्री बसलो. शेवटी प्रत्येकानं दोन लाख भरले, माझ्या शब्दावर. अहवाल, नोंदणी, जागेची अनामत यात पैसे गेले. दरम्यान पाच मिल बंद पडल्या. एकानं रोल भंगारात घातले आणि माझ्याकडे आपले दोन लाख मागायला आला. मी कुठून देऊ? तीस वर्षं ज्या टपरीवर सगळ्यांबरोबर चहा प्यायलो, तिथे मी आता थांबत नाही. समोरून गाडी तशीच पुढे काढतो.

तुमचे अधिकारी आम्हाला तिरुपूरचं उदाहरण देतात. २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं तिथले रंगाई कारखाने बंद करवले. एकट्यादुकट्याला पाणी शुद्ध करणं झेपणारं नव्हतं, सामायिक प्रक्रिया केंद्रांमुळे ते कारखाने पुन्हा उभे राहिले. पण तिथल्या सरकारनं बिनव्याजी कर्ज देऊन हात दिला, हे सांगायला मात्र ते विसरतात.

आणि खान्देशाला काय? 'एक जिल्हा एक उत्पादन' या सरकारी योजनेत जळगावला केळी मिळाली. केळी आमचीच, तिचा अभिमान आहे. पण एका जिल्ह्याच्या हाताला एकच काम येतं, हे कोणी ठरवलं? १९४५ मध्ये याच जिल्ह्यातल्या अमळनेरला वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तीच आजची विप्रो. मे २०२१ मध्ये तुरीची आयात खुली झाली. परदेशी तूर बंदरावर उतरते, जळगावपर्यंतचं भाडं आमच्या माथी. दिल्लीत ठरतं, मुंबईत ठरतं, आम्हाला पेपरात कळतं. हजार कोटींचा करार करणाऱ्याला एक खिडकी आणि आम्हा बावीस जणांना बावीस खिडक्या! लहान उद्योजकाचे पैसे ४५ दिवसांत द्या, असं २००६ चा कायदा खरेदीदाराला बजावतो. लहान उद्योजकाच्या फायलीला किती दिवस, हे कोणत्या कायद्यात लिहिलं आहे?

मागणं थोडंच आहे. नवा अहवाल मागू नका, फक्त ताजी कोटेशनं घ्या. ज्या काही त्रुटी असतील त्या एकदाच, एका पत्रात कळवा. आणि निर्णयाची तारीख लेखी द्या.

येत्या महिन्याच्या १५ तारखेला आमच्या सभासदांची सभा आहे. विषय एकच, कंपनी ठेवायची की मोडायची. मोडायचं ठरलं तर या बावीस जणांना पुन्हा एका खोलीत बसवणं माझ्याच्यानं होणार नाही. तुमचं उत्तर त्याआधी यावं.

आपला,
एक डाळमिल चालक,
जळगाव