सासूबाई आश्रमात नाहीत

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन नीट झालं, जखमही भरली. मावशीच्या बोलण्याचा रोख फोनवर कळला, म्हणून आधीच सांगते: त्यांना आम्ही आश्रमात टाकलेलं नाही. त्या रिहॅबमध्ये आहेत, आणि रिहॅब हा हॉस्पिटल आणि घर यांच्या मधला मुक्काम. इथे अमेरिकेत हॉस्पिटल लवकर घरी सोडतं, तेव्हा माणसाला धड उभंही राहता येत नसतं. रोज व्यायाम करून घेणारं माणूस आणि रात्री उठवायला नर्स मी घरी कुठून आणणार होते? संध्याकाळी आमच्यापैकी एक जण जातोच.

एक गोष्ट मात्र मला सुरुवातीला पटेना. पहिल्या बैठकीत थेरपिस्ट, नर्स, सोशल वर्कर सगळे बसले आणि त्यांनी आम्हाला सोडून सासूबाईंनाच विचारलं, "घरी गेल्यावर तुम्हाला काय जमायला हवं?" तुमचे जावई उत्तर द्यायला गेले, तर त्यांना थांबवलं. सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आंघोळ माझी मला करता आली पाहिजे. कुणी धरायला नको." झालं, सगळी आखणी त्यावरच! टबावर लांब बाक ठेवतात, अर्धा आत, अर्धा बाहेर. बाहेरच्या टोकाला बसायचं, मागे सरकायचं, मग एकेक पाय आत घ्यायचा. पाय धुवायला लांब दांड्याचा स्पंज, म्हणजे वाकायला नको. शिकवणारी मुलगी त्यांच्या कमरेचा पट्टा धरून उभी असते, पण काम त्यांचं त्यांनाच करू देते. मी गाऊनचं बटण लावायला पुढे झाले, तर मलाही थांबवलं. नुसतं बघत उभं राहणं फार जड जातं गं. पण आता त्या वॉकर घेऊन बाथरूमपर्यंत एकट्या जातात, आणि चेहऱ्यावरचं ते ओशाळलेपण गेलंय.

खर्चाचं विचारलं होतंस. हॉस्पिटलात सलग तीन दिवस रीतसर दाखल असलं की मेडिकेअर, म्हणजे इथला ज्येष्ठांचा सरकारी विमा, रिहॅबच्या पहिल्या २० दिवसांचा खर्च पूर्ण भरतो. नुसतं देखरेखीखाली ठेवलेले दिवस त्यात धरत नाहीत, म्हणून ते आम्ही आधीच विचारून घेतलं. २१ ते १०० दिवसांपर्यंत रोजचा वाटा आपला, २०२५ साली तो २०९.५० डॉलर होता. ते २० दिवस संपायच्या आतच सासूबाईंना घरी आणायचं ठरलंय. तेव्हा बाबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या पैशांना धक्का नाही.

बाबा, माझ्यासाठी ऑपरेशन पुढे ढकलू नका. मला तेव्हा येता येणार नाही, पण दादा आहे आणि मी रोज फोन करीन. बाथरूमला दांडे आधीच बसवून घ्या. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. आणि आई, त्यांना सगळं हातात देऊ नकोस, आधी त्यांना काय करायचंय ते विचार.

दादाच्या लग्नाचा मुहूर्त बाबा जिना चढायला लागल्यानंतरचा धरा. मुलीकडचे समजून घेतील, मी स्वतः त्यांच्याशी बोलते. तोवर माझी रजाही साठेल, लग्नाला मी नक्की येणार. पैसे महिनाअखेरीस खात्यात जमा होतील. कमी पडले तर मला सांगा, मामाकडे मागू नका.

तुमची,
ताई