दिवड म्हणजे खेळणं नव्हे

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

यंदा पाऊस लागल्यापासून आमच्या गावच्या तळीवर संध्याकाळची गर्दी वाढली आहे. पोरं दुचाकीवरून येतात, पिशवीतून बांगडा माशाचे तुकडे काढतात, काठीला टोचून पाण्यावर धरतात आणि दिवड, म्हणजे आपला पाणसाप, वर आला की मोबाईल सुरू. तळी देवळाची, त्यामुळे महाजनांनी एकदा हटकलं. मग सगळा बाजार खालच्या व्हाळावर (ओढ्यावर), साकवापाशी, म्हणजे छोट्या पुलापाशी गेला. बंद काही झाला नाही.

आमचा दहा वर्षांचा नातूही त्यातला. एका रविवारी मूठ मिटूनच घरी आला. उघडायला लावली, तर आत बोटभर लांब शेपटी! दिवडाला शेपटीने धरून उचलायला गेला होता. दिवडाने अंगाला पीळ दिला आणि टोक तोडून निसटला. "आजोबा, ती परत येईल ना? पालीची येते तशी?" येत नाही. सापाची तुटलेली शेपटी पुन्हा वाढत नाही. दिवडाची ही सवय सापांवर काम करणाऱ्यांना माहीत आहे. पोरांना कोण सांगणार?

त्याला हे कुठून सुचलं म्हणून विचारलं, तर अमेरिकेतल्या कुणाचा तरी व्हिडिओ दाखवला. तिकडे गार्टर नावाचे अंगभर पट्टे असलेले साप परसात सापडतात, लोक त्यांना गांडुळं आणि मासे भरवतात. आपली नानेटी दिसायला थोडी तशीच, आणि दिवड, नानेटी, गार्टर हे सगळे लांबचे भाऊबंदही आहेत. पण गार्टर पिल्लांना जन्म देतो, आपला दिवड अंडी घालतो. स्वभावाने नानेटी गरीब. दिवड मात्र धरला की मान चपटी करतो आणि सरळ चावतो. मान चपटी केलेला दिवड पाहून 'नाग, नाग' म्हणत त्याला ठेचणारेही आपल्याकडे कमी नाहीत. गार्टर पाळणाऱ्यांचंही सगळं सुरळीत चालत नाही. गोल्डफिशसारख्या काही माशांत ब-1 जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो, आणि नुसते तेच मासे खाऊ घातले तर पाळलेल्या सापाला झटके येऊ लागतात.

यावर पोरांचं उत्तर ठरलेलं, "दिवड बिनविषारी असतो." खरं आहे, मी स्वतः तीस वर्षं शाळेत तेच शिकवलं. पण त्याचे दात आत वळलेले असतात. चावल्यावर घाबरून हात ओढला की कातडी फाटते, रक्त बराच वेळ थांबत नाही आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागतं. शिवाय नुकताच खाल्लेला साप हाताळला की पोटातलं ओकून टाकतो. म्हणजे आधी भरवायचं, मग फोटोसाठी उचलायचं आणि भरवलेलं बाहेर काढायला लावायचं, असली ही भूतदया!

मला खरी धास्ती आहे ती पुढची. 'पाण्यातला साप बिनविषारी' एवढंच डोक्यात घेऊन हीच पोरं मे महिन्यात किनाऱ्यावर जातात. तिथे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढली की मासळीच्या ढिगात वल्ह्यासारख्या चपट्या शेपटीचा समुद्री साप हमखास निघतो. तो सुस्त पडलेला असतो, पटकन चावतही नाही, म्हणून उचलायला सोपा वाटतो. त्याचं विष जहाल असतं. आपल्या इस्पितळांत मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांच्या विषावर बनवलेलं असतं, समुद्री सापासाठी नव्हे. खाडीच्या खाजनात (खाऱ्या पाण्याच्या बांधबंदिस्त शेतजमिनीत), मानशीच्या, म्हणजे पाणी अडवायच्या दाराच्या तोंडाशीही एक पाणसाप असतो. तोही सौम्य का होईना, विषारीच.

दिवडाला आपल्या बांगड्याची गरजही नाही. व्हाळात मासे आहेत, शेतात बेडूक आहेत. निदान असायला हवेत. पहिल्या पावसात टॉर्च घेऊन 'जंपिंग चिकन', म्हणजे खायला बेडूक, गोळा करणारे त्यातले किती शिल्लक ठेवतात, ते वेगळं. बेडूक पकडायला वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली बंदी आहे, दिवडालाही त्याच कायद्याचं संरक्षण आहे. एवढी साधी माहिती लिहिलेला एक फलक पंचायतीने तळीवर आणि साकवापाशी लावावा.

आणि एक विनंती आपल्याला. साप हातात धरून हसणाऱ्या माणसांचे फोटो कृपया छापू नका. सर्पमित्राने साप पकडल्याची बातमी जरूर द्या, पण फोटो नुसत्या सापाचा द्या. आमच्या नातवाने तसले तीन कात्रणांचे फोटो वहीत चिकटवले आहेत.

हल्ली मी त्याला काठीशिवाय तळीवर नेतो. वरच्या पायरीवर गप्प बसलं की अर्ध्या तासात पाण्यावर एक डोकं येतं, डोळ्याखाली दोन काळ्या तिरक्या रेघा असलेलं. शेपटी आखूड असलेला एक आहे. तो आला की नातू माझा हात घट्ट धरतो आणि काही बोलत नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक, डिचोली (गोवा)